वस्तूच्या डिझाइनची चिकित्सा

वस्तू आपले काम नीट करते का, डोळ्यांना आणि हाताला कशी वाटते, आणि कारखान्यात ठरल्या खर्चात हव्या तेवढ्या संख्येने निघू शकते का, अशा तिन्ही अंगांनी केलेली तपासणी म्हणजे डिझाइनची चिकित्सा. तिच्यात नुसत्या आवडीनिवडीला जागा नाही. ‘किटलीचे हँडल जाड दिसते’ हे मत झाले. ‘हँडलच्या पोकळीत चार बोटे मावत नाहीत, म्हणून पेरे गरम भिंतीला टेकतात’ ही चिकित्सा.

पहिल्या दोन प्रश्नांचा वाद जुना आहे. रोमन वास्तुकार विट्रुव्हिअसने इ.स.पू. पहिल्या शतकात वास्तूकडून टिकाऊपणा, उपयुक्तता आणि सौंदर्य मागितले. रूप नेहमी कार्यामागून येते, असे अमेरिकन वास्तुविशारद लुई सलिव्हन याने १८९६ मध्ये लिहिले. वस्तू योजणारा कारागीरच ती घडवत होता तोवर तिसरा प्रश्न वेगळा विचारावा लागत नव्हता. कागदावर काढणारा आणि यंत्रावर काढणारा वेगळे झाले, तेव्हा तो उभा राहिला.

तिन्ही प्रश्नांचे एकच उत्तर देणारी वस्तू म्हणून फर्निचर बनवणाऱ्या मिखाएल थोनेटची १८५९ ची १४ क्रमांकाची खुर्ची आजही दाखवली जाते. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या भागांच्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. पाठीची ती डौलदार कमान वरून चढवलेला शृंगार नाही, लाकूड वाकवण्याच्या रीतीतूनच ती आली. उलट टोकाला फ्रेंच डिझाइनर फिलिप स्टार्कचे १९९० चे तीन पायांचे लिंबूपिळणे. ओतीव ॲल्युमिनियमचे, देखणे, पण गाळणी नसल्याने बियाही पेल्यात पडतात. पुढे त्याची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती निघाली. आम्लाने मुलामा बिघडतो, म्हणून ती पिळायला वापरूच नये! तिला शोभेची वस्तू म्हणावे, पण मग कामाच्या निकषावर तिची बाजू घेऊ नये.

प्रत्यक्षात तीन निकषांचे तीन वेगळे कप्पे करता येत नाहीत. प्लॅस्टिकच्या चकचकीत झाकणावर मधोमध पुसटसा खळगा दिसतो. पाहणाऱ्याला तो रूपाचा दोष वाटतो, पण झाकण उलटले की त्याच जागी मागे जाड रिब, म्हणजे मजबुतीसाठी दिलेली उभी पट्टी, सापडते. जिथे प्लॅस्टिक जास्त, तिथे ते उशिरा थंड होते, अधिक आकसते आणि पृष्ठभाग आत ओढते. म्हणून रिब साधारणपणे भिंतीच्या जाडीच्या निम्मी किंवा थोडी जास्त ठेवतात. रिब काढूनच टाकली तर झाकण लवते, म्हणजे दोष कामाच्या खात्यात जातो. उभ्या भिंतींना एक-दोन अंशांचा ड्राफ्ट, म्हणजे साच्यातून सुटण्यापुरता उतार, नसेल तर भाग साच्यातून सुटताना ओरखडतो. आत वळलेली कड असेल तर साच्यात सरकता भाग बसवावा लागतो आणि साचा महागतो.

भागांची संख्या तपासण्यासाठी जेफ्री बूथरॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट या अभियंत्यांच्या पद्धतीत तीन प्रश्न आहेत: हा भाग बाकीच्यांच्या सापेक्ष हलतो का, तो वेगळ्याच पदार्थाचा असावा लागतो का, जोडणी किंवा उकल करण्यासाठी तो सुटा हवा का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ आले तर तो शेजारच्या भागात मिसळता येईल. यातला ‘उकल’ हा शब्द बैठकीत हमखास विसरला जातो. मग स्क्रू वाचवून खटक्यांवर, म्हणजे दाबले की अडकणाऱ्या आकड्यांवर, बंद केलेली वस्तू दुरुस्तीला आली की फोडावीच लागते.

चिकित्सा चित्रावर करू नये, निदान फोमचा नमुना हातात हवा. थ्रीडी प्रिंटही फसवी असते: साच्यातून कधीच न सुटणारी कड प्रिंटर बिनतक्रार काढून देतो. मात्र नमुना अचूक होण्याची वाट पाहत बसणेही महागात पडते, कारण चित्रातली रेघ खोडता येते आणि पोलादाचा साचा एकदा कापला की बदल एकाच दिशेने सोपे उरतात. साच्यातले पोलाद आणखी खरवडता येते, म्हणजे भाग तिथे जाड होतो. पोलाद परत भरायचे तर वेल्डिंग करावे लागते. म्हणूनच खटक्याची पकड किती घट्ट हवी याबद्दल शंका असली, तर जाणते डिझाइनर पहिल्या साच्यात ती मुद्दाम सैल ठेवतात.