शिक्षणविषयक विधेयके, संयुक्त समिती आणि खानदेश : पार्श्वभूमी

विधिमंडळात मांडलेले शिक्षणविषयक विधेयक त्याच अधिवेशनात चर्चेला घेऊन मंजूर करायचे, की आधी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवायचे, हा प्रश्न वरकरणी केवळ कामकाजाच्या पद्धतीचा वाटतो. खानदेशातील महाविद्यालये, शाळा आणि शिक्षक यांच्या बाबतीत मात्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील बरेच महत्त्वाचे निर्णय याच वळणावर घडले किंवा हुकले. विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) निवडून आलेले किती आणि नामनिर्देशित किती, कुलगुरू निवडीत शासनाचा हात कुठवर, भिल्ली बोलणाऱ्या मुलाला मराठी कशी शिकवायची, या सर्व बाबी कायद्याच्या कलमांत ठरतात, आणि कलमांवर खरा खल होण्याची जागा सभागृहापेक्षा समितीची खोली ही असते.

या वादाचे मूळ बरेच जुने आहे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे गोपाळ कृष्ण गोखले यांचे विधेयक मार्च १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले, असे आपण शाळेत वाचतो. त्या दिवशी मतास टाकलेला प्रस्ताव विधेयक मंजूर करावे असा नव्हता, तर ते प्रवर समितीकडे, म्हणजे विधेयक तपासणाऱ्या निवडक सदस्यांच्या समितीकडे, विचारार्थ पाठवावे एवढाच होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. म्हणजे तपासणीलाच नकार मिळाला होता. पुढे मुंबई प्रांतात १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा मिळाली, १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे गेल्या आणि पूर्व व पश्चिम खानदेशच्या (म्हणजे आजच्या जळगाव आणि धुळे-नंदुरबार भागांच्या) जिल्हा लोकल बोर्डांची स्कूल बोर्डे अस्तित्वात आली. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण अधिनियमाने त्यांचे अधिकार पुन्हा बांधून दिले आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर हा सर्व कारभार त्यांच्याकडे वर्ग झाला. जिल्हा परिषदेची शिक्षण समिती आणि विधिमंडळाची संयुक्त समिती यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पहिली कारभार पाहते, दुसरी कायद्याचा मसुदा.

उच्च शिक्षणाची हकिगत अलीकडची आहे. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय ही दोन्ही १९४५ ची. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाल्यावर दोन्ही खानदेश त्याच्या कार्यक्षेत्रात गेले आणि चार दशके परीक्षेच्या अर्जापासून गुणपत्रिकेतील चुकीपर्यंत प्रत्येक कामासाठी पुण्याची वाट धरावी लागली. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. नाव उत्तर महाराष्ट्राचे असले तरी नाशिक व अहमदनगर हे जिल्हे पुण्याकडेच राहिले; नव्या विद्यापीठाच्या वाट्याला जळगाव आणि धुळे आले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यावर ही संख्या तीन झाली. चारच वर्षांत, १९९४ मध्ये, राज्यातील विद्यापीठांचे स्वतंत्र कायदे रद्द करून एकच महाराष्ट्र विद्यापीठे अधिनियम करण्यात आला. नुकत्याच उभ्या राहिलेल्या, गिरणेकाठी बांभोरीच्या माळावर अजून इमारती बांधत असलेल्या विद्यापीठाला आणि शतकाहून जुन्या मुंबई विद्यापीठाला तेव्हापासून एकाच मापाचा अंगरखा मिळाला. त्याच कायद्याने महाविद्यालयांतील खुल्या विद्यार्थी निवडणुका थांबल्या आणि गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली.

आता समितीविषयी. संसदेत १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या आहेत आणि विधेयके त्यांच्याकडे पाठवण्याची तेथे रूढ व्यवस्था आहे. महाराष्ट्रात विधेयक आपोआप कोणत्याही समितीकडे जात नाही. तसा प्रस्ताव एका सभागृहात मंजूर व्हावा लागतो आणि दुसऱ्या सभागृहाने सहमती देऊन आपले सदस्य द्यावे लागतात. समितीचे प्रमुखपद बहुधा मंत्र्याकडेच असते, त्यामुळे मसुदा मांडणारा आणि तो तपासणाऱ्यांचा प्रमुख हे एकाच बाकावरचे असतात. बैठका बंद दाराआड होतात, खंडवार विचार होतो, विधी विभागाचे अधिकारी दुरुस्त्यांची भाषा बसवून देतात, आणि प्रत्यक्ष मतदानाची वेळ क्वचितच येते, कारण ज्याला पटत नाही तो अहवालाला भिन्नमतपत्रिका, म्हणजे आपला लेखी मतभेद, जोडून मोकळा होतो. कोणत्या कलमावर कोण कोणाच्या बाजूने होता हे नंतर शोधायचे तर या भिन्नमतपत्रिकांखेरीज फारसे काही हाती लागत नाही. सभागृहात परतल्यावर विधेयक आवाजी मतदानाने मंजूर होते आणि मतविभागणीची मागणी झाली नाही तर तेथेही नावांची नोंद राहत नाही.

या पद्धतीची सर्वांत मोठी कसोटी २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठे विधेयकाच्या वेळी लागली, आणि आजही खानदेशातील प्राध्यापक संघटनांच्या बोलण्यात वारंवार येते ते हेच विधेयक. १९९४ चा कायदा बदलावा यावर मतभेद नव्हता. २०१० नंतर तीन स्वतंत्र तज्ज्ञ समित्यांनी त्यासाठी अहवाल दिले होते. पण तज्ज्ञ समिती सल्ला देते आणि तिचे काम संपते. मसुद्यातला शब्द बदलण्याचा अधिकार विधिमंडळाला आणि त्याच्या समितीला असतो. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, तेथून सुधारून आले आणि डिसेंबर २०१६ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मंजूर होऊन १ मार्च २०१७ पासून अमलात आले. ते समितीकडे का गेले, याचे शासकीय उत्तर व्यापक विचारविनिमय हे आहे. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. त्या काळी विधान परिषदेत सत्ताधारी बाजूचे बहुमत नव्हते. राज्यघटनेनुसार परिषद साधे विधेयक पहिल्या वेळी तीन महिने आणि दुसऱ्या वेळी एक महिना अडवू शकते. त्यानंतर विधानसभेचाच शब्द अखेरचा ठरतो, कारण राज्यात संयुक्त बैठकीची तरतूद नाही. तेवढे महिने थांबून, दोनदा तीच लढाई लढून कायदा करण्यापेक्षा विरोधकांना समितीत बसवून देवाणघेवाण करणे सोयीचे होते. परिषदेत बहुमत असते तर हे विधेयक समितीकडे गेले असते का, याविषयी प्रस्तुत लेखकाला दाट शंका आहे.

देवाणघेवाण झालीही, पण मूळ रोख बदलला नाही. जुन्या कायद्यात विद्याशाखेचे अधिष्ठाते (डीन) निवडून येत. नव्या कायद्यात ते पूर्णवेळ नियुक्त अधिकारी झाले. विद्याशाखा एकत्र करून चारच ठेवल्या गेल्या : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा सदस्य निवडण्याची तरतूद राहिली, तशीच शिक्षक, प्राचार्य आणि संस्थाचालक यांच्या निवडून येणाऱ्या प्रतिनिधींचीही राहिली, परंतु नामनिर्देशनाचे पारडे सर्वच प्राधिकरणांत जड झाले. समर्थकांचे म्हणणे असे की निवडणुकांमुळे विद्यापीठात गटबाजी माजली होती, अभ्यासमंडळावर कोण जाणार हे अभ्यासापेक्षा पॅनेलवर ठरत होते. खानदेशात हे ज्यांनी पाहिले त्यांना त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. तथापि निवडून येण्याची वाट अरुंद झाली की दूरच्या तालुक्यांचा आवाज आधी बंद होतो. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुव्याहून जळगाव २०० किलोमीटरहून लांब आहे. तेथील पदवीधराने अधिसभेवर येण्याचा संभाव्य मार्ग निवडणूक हाच होता, कारण नामनिर्देशन करणाऱ्यांच्या नजरेस तो पडण्याची शक्यता कमीच.

विद्यार्थी निवडणुकांचा मुद्दा त्याहून गुंतागुंतीचा. १९९४ मध्ये थांबलेल्या खुल्या निवडणुका या कायद्याच्या कलम ९९ ने तत्त्वतः परत आणल्या, आणि ही समितीतल्या सर्व बाजूंना आपापल्या परीने हवी असलेली गोष्ट होती, कारण प्रत्येक पक्षाची विद्यार्थी संघटना त्यासाठी आग्रही होती. पण निवडणूक कशी घ्यायची, हा तपशील कायद्यात न लिहिता परिनियमांवर, म्हणजे कायद्याखाली नंतर होणाऱ्या नियमांवर, सोडला गेला. परिनियम यायला वेळ गेला. २०१९ मध्ये निवडणुकांची घोषणा झाली, विधानसभा निवडणूक तोंडावर असल्याने त्या पुढे ढकलल्या, आणि त्यानंतर टाळेबंदी आली. समितीने कलमाच्या मथळ्यावर एकमत साधले आणि अवघड भाग शासनाच्या टेबलावर ठेवला, असे म्हटल्यास ते फारसे अन्यायाचे होणार नाही. एकमताने मंजूर होणाऱ्या तरतुदींबाबत हे नेहमी घडते. ज्यावर वाद आहे तेच नेमके नियमांत ढकलले जाते, आणि नियम समितीपुढे येत नाहीत.

जळगावच्या विद्यापीठाच्या नावाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव २०१८ मध्ये जोडले गेले तेही याच अधिनियमातील दुरुस्तीने. आसोद्याच्या या लेवा पाटीदार कन्येच्या नावाची मागणी जुनी होती.

२०१६ नंतर पाच वर्षांनी समितीबाबतचे चित्र उलटे झाले. डिसेंबर २०२१ च्या मुंबईतील अधिवेशनात त्याच विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आले. कुलगुरूपदासाठी शोध समितीने सुचवलेल्या नावांपैकी दोन नावे शासनाने निवडून राज्यपालांकडे पाठवावीत, त्यांतून एकाची नियुक्ती व्हावी, आणि उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती, म्हणजे कुलपती असलेल्या राज्यपालांच्या खालोखालचे पदाधिकारी, असावेत, अशा त्यातील मुख्य तरतुदी होत्या. या वेळी सत्ताधाऱ्यांकडे दोन्ही सभागृहे होती. विधेयक संयुक्त समितीकडे गेले नाही. २८ डिसेंबरला, अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, गदारोळात ते मंजूर झाले. त्याच अधिवेशनात महिलांवरील अत्याचारांविषयीचे शक्ती विधेयक वर्षभर संयुक्त समितीत राहून परत आले होते आणि एकमताने मंजूर झाले होते, त्यामुळे समितीचा मार्ग कोणाला माहीत नव्हता असे म्हणण्यास जागा नाही. विद्यापीठ विधेयकाला कायदा होण्यासाठी लागणारी संमती मिळाली नाही, पुढे सरकार बदलले आणि नव्या सरकारने ते मागे घेण्याचे ठरवले. २०१६ मध्ये समितीत बसून नामनिर्देशनाचे समर्थन करणारे २०२१ मध्ये विद्यापीठांच्या स्वायत्ततेविषयी बोलत होते, आणि २०१६ मध्ये स्वायत्ततेचा कैवार घेणारे आता शासनाच्या अधिकारांचे समर्थन करत होते. खानदेशातील संस्थाचालकांना याचे फारसे आश्चर्य वाटले नसावे. येथील अनेक शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीत आजी-माजी लोकप्रतिनिधीच असतात, आणि ज्याच्या संस्थेची महाविद्यालये आहेत अशा सदस्याने विद्यापीठ कायद्याच्या समितीत किती बोलावे, याचा स्वतंत्र विचार आपल्याकडे झालेला नाही.

समितीविना मंजूर झालेले दुसरे महत्त्वाचे विधेयक मराठी सक्तीचे. फेब्रुवारी २०२० मध्ये मराठी भाषा गौरव दिनाच्या तोंडावर ते दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केले. सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावीपर्यंत मराठी टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाली आणि न शिकवणाऱ्या शाळेच्या व्यवस्थापनाला एक लाख रुपये दंडाची तरतूद झाली. हेतूबद्दल कोणाचे दुमत नव्हते, म्हणूनच चर्चा मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांपुरती राहिली. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत भिल्ली व पावरी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा मराठी हीच त्याच्यासाठी नवी भाषा असते. तापीकाठच्या अहिराणी बोलणाऱ्या मुलाची अडचण त्याहून कमी, पण असते. त्या मुलांना मराठी कोणत्या इयत्तेपासून, कोणत्या बोलीच्या आधाराने आणि कोणत्या शिक्षकाने शिकवावी, हे सांगणारी माणसे नंदुरबारच्या आश्रमशाळांत आहेत. त्यांना साक्षीला बोलावण्याची सोय समितीत असते, दोन दिवसांच्या चर्चेत नसते.

विधान परिषदेत खानदेशचा आवाज पोहोचण्यासाठी घटनेने एक खास मार्ग ठेवलेला आहे. परिषदेच्या ७८ जागांपैकी सात शिक्षकांच्या आणि सात पदवीधरांच्या आहेत. नाशिक विभागाच्या शिक्षक मतदारसंघात धुळे, जळगाव आणि नंदुरबार येतात आणि तेथे जून २०२४ मध्ये मतदान झाले. शिक्षणविषयक विधेयक संयुक्त समितीकडे गेले तर या प्रतिनिधींना तेथे स्थान मिळण्याची शक्यता मोठी; परिषदेत ऐनवेळी आलेल्या विधेयकावर त्यांना काही मिनिटांचे भाषण मिळते. शिवाय या मतदारसंघात मत देता येते ते माध्यमिक व त्यावरील संस्थांत किमान तीन वर्षे शिकवलेल्यांना. सातपुड्याच्या पाड्यांवरील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाला हे मत नाही, आणि मराठी सक्तीच्या कायद्याची पहिली यत्ता त्याच्याच वर्गात भरते.