इथेनॉलमिश्रित पेट्रोलने प्रदूषण खरंच कमी होतं का?

गाडी सर्व्हिसिंगला आणणारे अनेक ग्राहक आम्हाला हा प्रश्न विचारतात. इंधन कोणत्या पिकापासून आणि कसं बनलं, हे पाहिल्याशिवाय त्याचं प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

इथेनॉल जळतानाही कार्बन डायऑक्साइड निघतोच. लिटरमागे सुमारे १.५ किलो, तर पेट्रोलचा सुमारे २.३ किलो. पण एक लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जाही पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. म्हणजे तेवढंच अंतर जायला ते जास्त लागतं आणि धुरातला हा फरक जवळपास मिटतो. खरा फायदा असा, की हा कार्बन पिकाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. पेट्रोलमधला मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता.

आता शेताकडे वळू. पिकाला घातलेल्या नत्रखताचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. पुढे डिस्टिलरीला उष्णता लागते. उसाच्या कारखान्यात ती चिपाडं जाळूनच मिळते. मक्याच्या इथेनॉलसाठी बहुधा नैसर्गिक वायू किंवा कोळसा जाळावा लागतो. ब्राझीलने १९७५ मध्ये उसावर उभारलेला कार्यक्रम अमेरिकेतल्या मक्यापेक्षा हवामानाला कमी जड जातो, त्याचं हे एक मोठं कारण. पण जंगल तोडून ऊस किंवा मका लावला, तर झाडांत आणि मातीत साठलेला कार्बन सुटतो आणि तो भरून निघायला कित्येक दशकं जातात. अशा इंधनाला हिरवं म्हणायला आमचं मन धजत नाही.

पाण्याचं काय? मळीपासून एक लिटर इथेनॉल काढताना साधारण १० ते १५ लिटर स्पेंट वॉश, म्हणजे डिस्टिलरीचं गडद सांडपाणी, उरतो. तो तसाच नदीत सोडला तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. प्रक्रिया केली तर त्यातून बायोगॅस मिळतो.

गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि बेंझिन हे विषारी घटक घटतात, पण अ‍ॅसिटाल्डिहाइड हा दुसरा घातक घटक वाढतो.

आमच्या मते पिकाच्या काडीकचऱ्यापासून बनणारं इथेनॉल सर्वांत चांगलं, कारण त्यासाठी वेगळी जमीन लागत नाही. मात्र त्यातलं सेल्युलोज, म्हणजे काडीतला चिवट तंतुमय भाग, फोडणं अवघड आणि खर्चिक असतं.

२० टक्के मिश्रणात ऊर्जा सुमारे ६ ते ७ टक्के कमी असते, म्हणून मायलेज थोडं घटू शकतं. इथेनॉल पाणी शोषतं, तेव्हा गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर टाकीचं झाकण घट्ट बसतंय ना, हे आमच्याकडून तपासून घ्या. वाफ बाहेर निसटणं हेही प्रदूषणच आहे.