डिस्क पूलचा इशारा

घरगुती साठवण सर्व्हरमध्ये, म्हणजे ‘नॅस’मध्ये, अनेक हार्ड डिस्क मिळून जो एक सामाईक साठा तयार होतो त्याला डिस्क पूल म्हणतात. त्यातली एखादी डिस्क चुका करू लागली किंवा दिसेनाशी झाली की सर्व्हर इशारा देतो. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये घडलेली आणि २००५ मध्ये खुली झालेली झेडएफएस ही फाइलप्रणाली असेल, तर पूल ‘डिग्रेडेड’ दाखवला जातो. डेटा गेला असा याचा अर्थ नाही. राखणदार एकाने कमी झाला, एवढाच आहे. घाबरून लगेच डिस्क उपसणे हीच खरी धोक्याची गोष्ट.

झेडएफएस प्रत्येक ब्लॉकची, म्हणजे डेटाच्या तुकड्याची, पडताळणी-बेरीज (चेकसम) वेगळी ठेवते. वाचताना ती जुळली नाही, तर जोडीच्या डिस्कवरून किंवा पॅरिटीतून (हरवलेला मजकूर पुन्हा काढता यावा म्हणून ठेवलेल्या जादा माहितीतून) खरा मजकूर काढून चुकीचा दुरुस्त करते. ‘झेडपूल स्टेटस’ या आज्ञेत प्रत्येक डिस्कपुढे तीन आकडे येतात: रीड, राइट आणि चेकसम. पहिले दोन वाढले तर वाचण्या-लिहिण्याचे कामच पार पडले नाही. फक्त तिसरा वाढला तर डिस्कने निमूटपणे मजकूर दिला, पण तो चुकीचा होता.

समजा, लग्नाच्या शूटिंगचे व्हिडिओ ठेवलेल्या चार डिस्कच्या पूलमध्ये एकीपुढे ०, ०, ४७ असे आकडे आहेत. आधी तिची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती प्रकृतीची नोंद, उघडावी. तिथे ५, १९७ आणि १९८ हे क्रमांक पृष्ठभागाची झीज सांगतात. १९९ हा बहुधा सैल किंवा खराब साटा केबलकडे (डिस्क जोडणाऱ्या वायरीकडे) बोट दाखवतो. १९९ चा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही, म्हणून तो वहीत टिपावा, केबल बदलावी, ‘झेडपूल क्लिअर’ने पूलचे चुकांचे आकडे पुसून स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून पडताळण्याचे काम, चालवावा आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. १९९ चा आकडा जागेवर थांबला असेल आणि नव्या चुका आल्या नसतील तर दोष बहुधा केबलचाच होता. चारही डिस्कपुढे एकदम चुका दिसल्या तर रॅम, कंट्रोलर (सगळ्या डिस्क ज्याला जोडलेल्या असतात तो भाग) किंवा पॉवर सप्लाय तपासावा. चार डिस्क एकाच रात्री बिघडणे दुर्मीळ.

खान्देशात या तपासाला आणखी दोन बाजू आहेत. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि लग्नसराईचा डेटाही याच दिवसांत ओतला जातो. बऱ्याच हार्ड डिस्कची कमाल मर्यादा ६० अंशांची असते, पण बंद कपाटातली डिस्क खोलीपेक्षा बरीच तापते. कूलरच्या थेट झोतात सर्व्हर ठेवणे हा उपाय नव्हे. त्या ओलसर हवेने जोडण्या गंजतात. धाब्याच्या घराच्या जाड भिंती गारवा देतात, मात्र छतातून माती झरते, म्हणून पंख्याची जाळी वरचेवर झाडावी लागते.

दुसरी बाजू विजेची. लाइट गेली की घरचा इन्व्हर्टर भार उचलेपर्यंतच्या क्षणात सर्व्हर बंद पडू शकतो. अनेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ मोडचे बटण असते. ते दाबलेले आहे का पाहावे. सर्व्हरला यूएसबीने जोडता येणारा यूपीएस त्याहून चांगला, कारण बॅटरी संपत आल्याचे कळताच सर्व्हर स्वतः नीट बंद होतो.

डिस्क खरोखर गेलीच असेल तर आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप वेगळ्या जागी घ्यावा. नवी डिस्क भरताना, म्हणजे रिसिल्व्हरिंगमध्ये, उरलेल्या डिस्कवर तासन्‌तास ताण येतो. कुठली काढायची हे खणाच्या क्रमावरून ठरवू नये, लेबलवरचा सिरियल नंबर जुळवावा. एकच डिस्क गेलेली सोसू शकणाऱ्या एक-पॅरिटीच्या पूलमधून चुकून धडधाकट डिस्क उपसली तर पूल जागीच थांबतो. जुनी डिस्क थोडीफार चालत असेल आणि एखादा खण मोकळा असेल, तर ‘झेडपूल रिप्लेस’ पूर्ण होईपर्यंत ती जोडलेलीच ठेवावी. तिच्यावरचे वाचता येण्याजोगे ब्लॉकही भरणीला उपयोगी पडतात.