अवकाशातला संथपणा आणि मुंबईचं मध्यंतर

मुंबईच्या मल्टिप्लेक्समध्ये इंग्रजी विज्ञानपटाचं मध्यंतर दिग्दर्शक ठरवत नाही, थिएटरवाले ठरवतात. दीड तासाचा सिनेमाही मधोमध तोडला जातो, कधीकधी चालू वाक्यावर. पॉपकॉर्न घेऊन परतलेला प्रेक्षक मग कुरकुरतो, ‘अजून तिथंच आहे का हा?’ ‘संथ’ हा शिक्का बऱ्याचदा अशा वेळीच बसतो. गंमत अशी, की या शिक्क्याच्या बड्या मानकऱ्यांपैकी तिघांत मध्यंतर मुळातच होतं. स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये (१९६८) ते नेमकी जागा हेरून ठेवलेलं आहे, तर सोव्हिएत दिग्दर्शक आंद्रेई तार्कोव्स्कीचे ‘सोलारिस’ (१९७२) आणि ‘स्टॉकर’ (१९७९) दोन भागांत विभागलेलेच आहेत. म्हणजे थांबण्याशी यांचं वाकडं नव्हतं. कुठे थांबायचं, एवढंच त्यांना स्वतः ठरवायचं होतं.

संथपणाची ही परंपरा मूकपटांच्या काळापासूनची. १९२९ साली फ्रिट्झ लांगनं जर्मनीत चंद्रप्रवासावर ‘फ्राउ इम मोंड’ हा मूकपट केला, तेव्हा सल्लागार म्हणून रॉकेटशास्त्रज्ञ हेर्मान ओबेर्थला घेतलं. त्यातलं रॉकेट भल्यामोठ्या शेडमधून सावकाश बाहेर सरकत येतं आणि कॅमेरा घाई न करता ते येऊ देतो. उड्डाणाच्या वेळी तर लांगनं सेकंदांची उलटी मोजणीच पडद्यावर अक्षरांत मांडली. ताण वाढवण्यासाठी योजलेली ही युक्ती पुढे खऱ्या अवकाश मोहिमांत रुळली. श्रीहरिकोट्याचं काउंटडाउन टीव्हीवर बघताना आपण श्वास रोखून धरतो, त्याचं मूळ एका सिनेमाच्या लयीत आहे.

कुब्रिकनं ही लय टोकाला नेली. ‘२००१’मध्ये पहिला संवाद येतो तो सुमारे पंचवीस मिनिटांनी. अंतराळवीर ज्या गोल चाकात धावताना दिसतो, तो जवळजवळ ३८ फूट व्यासाचा सेट विमानं बनवणाऱ्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीकडून बांधून घेतला होता आणि त्याचा खर्च साडेसात लाख डॉलर सांगितला जातो. चाक फिरायचं, नट मात्र तळाशी जागच्या जागी धावत राहायचा. तरंगणाऱ्या पेनाची युक्ती त्याहून साधी. काचेच्या तबकडीला पेन चिकटवायचं, तबकडी हळूहळू फिरवायची आणि हवाईसुंदरीनं ते अलगद उचलून घ्यायचं. असला शॉट दोन सेकंदांत उडवून लावला तर एवढी मेहनत वाया. आणि तो मिनिटभर ठेवायचा, तर त्या मिनिटात प्रेक्षकानं कुठेही बोट ठेवलं तरी खोट सापडता कामा नये. गती आणि तपशील हे वेगवेगळे निर्णय नसतात, ते इथं दिसतं.

श्वासाचंच बघा. यानाबाहेर पडलेल्या अंतराळवीराचा हेल्मेटमधला श्वास आपण मिनिटन्‌मिनिटं ऐकत बसतो. दुसरा आवाज नाही, संगीत नाही. कंटाळाही येतो, खोटं का बोला! पण पुढच्या खेपेला दुसरा अंतराळवीर बाहेर जातो, छोटं यान त्याच्या अंगावर येतं आणि श्वास ऐकू येईनासा होतो. किंकाळी नाही, स्फोट नाही. आधीची मिनिटं कापली असती तर ती शांतता कळलीच नसती. तरीही कुब्रिक हट्टी नव्हता. पहिल्या खेळांनंतर त्यानं सुमारे १९ मिनिटं काढून टाकली, त्यात चाकातल्या व्यायामाचाही काही भाग गेला. आणि मध्यंतर कुठे? दोघे अंतराळवीर यान चालवणाऱ्या संगणकयंत्राला ऐकू जाऊ नये म्हणून छोट्या यानात बसून बोलतात, यंत्र काचेतून त्यांचे ओठ वाचतं, आणि तिथेच. वड्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाच्याही डोक्यात सिनेमा चालू राहावा, अशी ती जागा.

तार्कोव्स्कीला मात्र हे सगळं पटलं नाही. १९७०च्या एका मुलाखतीत त्यानं ‘२००१’ला कृत्रिम ठरवलं. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की वरच्या विजेच्या तारांवर चालणाऱ्या, आपण कधी न पाहिलेल्या ट्रॉलीबसमध्ये लोक चढतायत अशा कौतुकानं कुब्रिक चंद्रावरचं उतरणं दाखवतो. उलट ते उतरणं नेहमीच्या स्टॉपवरच्या ट्रॉलीबससारखं दाखवायला हवं. (बेस्टच्या ट्रॉलीबस १९६२ ते १९७१ धावल्या, त्यामुळे गोवालिया टँकच्या जुन्या रहिवाशांना हा दृष्टांत मॉस्कोकरांइतकाच पटेल.) ‘सोलारिस’मध्ये त्यानं टोकियोच्या उड्डाणपुलांवर आणि बोगद्यांत चित्रित केलेला, जवळजवळ पाच मिनिटं चालणारा मोटारीचा प्रवास घातला. भविष्यातलं शहर म्हणून खास काहीच बांधलं नाही.

माझ्या मते तार्कोव्स्कीची मागणी सर्वांत चांगली पुरवली ती हॉलिवूडनं, रिडली स्कॉटच्या ‘एलियन’मध्ये (१९७९). मालवाहू यानातली माणसं झोपेतून उठतात, सिगारेटी ओढतात, जेवतात, बोनसवरून हुज्जत घालतात. राक्षस येतो तो पुष्कळ उशिरा. त्याच्या दोनच वर्षं आधी ‘स्टार वॉर्स’नं याच्या उलट वाट काढली होती. वस्तू तशाच मळक्या, पोचे पडलेल्या, पण कॅमेरा त्यांच्यापाशी थांबत नाही. धंद्यानं हीच वाट उचलली.

मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं १९६८ साली, योगायोगानं ‘२००१’च्याच वर्षी. न घाईनं सिनेमा बघायची सवय इथल्या मराठी प्रेक्षकाला लावण्यात अशा फिल्म सोसायट्यांचा मोठा वाटा आहे. विज्ञानकथेसाठी वाचकाची तयारीही होत होती. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली, ती ‘कृष्णविवर’. त्या वेळी ते मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते.

मुंबईचा हिंदी पडदा मात्र या वाटेला फारसा गेला नाही. १९६७च्या ‘चांद पर चढाई’त दारासिंग चंद्रावर पोचले ते दोन हात करायला. वेळ नव्हता असं नाही, पण तो गाण्यांना जायचा.

ट्रॉलीबसच्या स्टॉपवर उभा असलेला इथला सिनेमा म्हणजे आरती कडव यांचा ‘कार्गो’ (२०१९). पुष्पक ६३४-ए या यानावर प्रहस्त नावाचा कर्मचारी मेलेल्या माणसांना पुनर्जन्मासाठी तयार करतो: सामान जमा, जखमा दुरुस्त, आठवणी पुसल्या, पुढचा या. मधे सिनेमा जरा सैल पडतो. पण पुष्पक आणि प्रहस्त ही रामायणातली नावं ऐकताच लंका समजते, जग उभं करायला वेगळं प्रास्ताविक लागत नाही. ती वाचलेली मिनिटं दिग्दर्शिकेनं त्या एकट्या माणसाच्या कंटाळवाण्या ड्यूटीवर खर्च केली आहेत.