डिस्क ‘गेली’ असे ठरवण्याआधी
लिनक्स यंत्रांवरील डिस्क आणि ड्रायव्हरच्या बिघाडांविषयी आमच्या नाशिकच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सातपूर-अंबडच्या शेडमध्ये मशीनशेजारी ठेवलेला डेटा नोंदवणारा पीसी, दिंडोरीकडच्या प्रीकूलिंगमध्ये तापमानाची नोंद ठेवणारा डबा, पिंपळगावच्या आडतीतला बिलिंगचा सर्व्हर. अशा बऱ्याच यंत्रांत आत लिनक्स असते, आणि त्याच्या कर्नलमधला (म्हणजे गाभ्यातला) ड्रायव्हर, म्हणजे उपकरण हाताळणारा कोड, डिस्कशी बोलत असतो. यंत्र मध्येच गोठते, फाइली फक्त वाचता येतात पण लिहिता येत नाहीत, किंवा डिस्क दिसेनाशी होते. मग नवी डिस्क येते आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच होते. दोष डिस्कमध्ये आहे, वायरीत, सप्लायमध्ये की ड्रायव्हरमध्ये, हे कर्नलने बहुतेक वेळा आधीच लिहून ठेवलेले असते. ते वाचायचे कसे आणि पुढे आम्ही काय करतो, ते इथे दिले आहे.

कमांडची नावे या पत्रकात बोलण्यात येतात तशी लिहिली आहेत. टाइप करायच्या नेमक्या ओळी सोबतच्या चिठ्ठीवर छापल्या आहेत. ती यंत्राच्या आतल्या झाकणावर चिकटवून ठेवा.

रीसेटचे बटण दाबण्याआधी

कर्नलचे संदेश आधी रॅममध्ये साठतात, मग डिस्कवरच्या लॉगमध्ये जातात. डिस्कच गायब झाली असेल तर शेवटच्या, म्हणजे नेमक्या कामाच्या ओळी डिस्कवर पोहोचतच नाहीत. बटण दाबले की पुरावा गेला. म्हणून आधी डी-मेसेज, ही कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड, चालवा आणि सगळा मजकूर पेनड्राइव्हवर किंवा नेटवर्कवरच्या दुसऱ्या पीसीवर उतरवा. तेही जमत नसेल तर मोबाइलने फोटो काढा, पण पहिल्या चुकीच्या ओळीपासून. लोक शेवटचा पडदा पाठवतात. त्यावर ‘आय-ओ एरर’च्या शेकडो ओळी असतात, आणि तो सगळा परिणाम असतो. कारण त्याच्या दोन-तीन पडदे वर असते.

एक अडचण आधीच ध्यानात घ्या. डी-मेसेज ही कमांडही त्याच डिस्कवर असते. डिस्क गेल्यावर ती चालेलच असे नाही. वारंवार गोठणाऱ्या यंत्रावर एक लॉगिन कायम उघडे ठेवा आणि ती कमांड रॅममधल्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा. त्याहून चांगला उपाय म्हणजे नेटकन्सोल. त्यात कर्नल आपले संदेश यूडीपीने, नेहमीच्या ६६६६ पोर्टवर, थेट दुसऱ्या पीसीकडे पाठवतो. त्यासाठी लॅनची वायर हवी, वायफायचा भरवसा धरू नका. जुन्या औद्योगिक पीसीला सिरियल पोर्ट असेल तर तो सर्वांत खात्रीचा. १,१५,२०० बॉडवर कन्सोल लावा आणि दुसरीकडे लॅपटॉपवर नोंद चालू ठेवा.

यंत्र गोठले तरी कीबोर्ड अनेकदा जिवंत असतो. आल्ट, सिसआरक्यू आणि डब्ल्यू एकत्र दाबले की अडकलेल्या प्रोसेसची यादी छापली जाते. काही वितरणांत ही सोय अर्धवट बंद असते, ती आधी चालू करून घ्या.

ओळी कशा वाचायच्या

साटा (साध्या डेटा वायरीने जोडलेल्या) डिस्कचा बिघाड असेल तर ‘एटीए ३.००’ अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळींचा एक गट दिसतो. पहिल्या ओळीत ‘एक्सेप्शन’ आणि अनेकदा ‘फ्रोझन’ हे शब्द असतात. फ्रोझन वाचून दचकू नका. तपास होईपर्यंत त्या पोर्टवर नवी कामे देणे कर्नलने थांबवले, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या ओळीत कोणती कमांड फसली ते असते, आणि ‘रेस’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी कंसात कारण. तेवढा कंस वाचला तरी निम्मे काम होते.

कंसात ‘मीडिया एरर’ आणि खाली ‘यूएनसी’ असेल तर डिस्कवरची ती जागा वाचता येत नाही. ड्रायव्हर निर्दोष आहे, डिस्क बदला. मात्र बदलण्याआधी डीडीरेस्क्यू या प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमने तिची पूर्ण प्रत काढा आणि दुरुस्तीचे प्रयोग प्रतीवर करा. मरणाऱ्या डिस्कवर थेट एफएसचेक (फाइलींची मांडणी तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवणे हा डेटा घालवण्याचा हमखास मार्ग आहे.

‘एटीए बस एरर’ आणि ‘आयसीआरसी’ असेल तर माहिती वाटेत बिघडते आहे. वायर, कनेक्टर किंवा सप्लाय तपासा. अशा वेळी कर्नल लिंक पुन्हा जोडतो आणि चुका चालूच राहिल्या तर वेग उतरवतो : ६ गिगाबिटवरून ३, मग १.५. ‘एसस्टेटस’पुढचा आकडा १३३ असेल तर ६, १२३ असेल तर ३, ११३ असेल तर १.५. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीत १९९ क्रमांकाचा आकडा वाढलेला दिसेल. वायर बदलल्यावर तो शून्य होत नाही, म्हणून आजचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने वाढला का ते पाहा. साटाची वायर १ मीटरपेक्षा लांब नको, व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलला समांतर नको, आणि प्रेसजवळच्या पीसीत खटक्याची क्लिप असलेलीच हवी. साध्या कनेक्टरला प्रेसचे हादरे सैल करतात.

आणखी एक : ‘एटीए ३’ म्हणजे तिसरी डिस्क नव्हे, तो कंट्रोलरच्या पोर्टचा क्रमांक आहे. एसडीए, एसडीबी ही नावे वेगळ्या क्रमाने पडतात. रेडमधून (अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या संचातून) चुकून चांगली डिस्क उपसली जाते ती इथे. कर्नल उपकरणांची माहिती दाखवतो त्या सिस-एफएस फोल्डरमध्ये जोडणी पाहा, आणि डिस्कवरचा सिरियल नंबर जुळल्याशिवाय हात लावू नका.

टाइमआउट : इथे खरा तपास लागतो

कंसात ‘टाइमआउट’ असेल तर कर्नलने दिलेले काम ठरलेल्या वेळेत, म्हणजे सहसा ३० सेकंदांत, परत आले नाही. कोणी अडवले ते या एका शब्दावरून कळत नाही. खालचे बदल एका वेळी एकच करा आणि प्रत्येकानंतर यंत्र नेहमीच्या कामावर चालू द्या. तीन बदल एकदम केले आणि त्रास थांबला, तर कशाने थांबला हे कोणालाच सांगता येणार नाही.

साध्या डेस्कटॉप डिस्क खराब जागा वाचायला ३० सेकंदांहून जास्त वेळ घेऊ शकतात. कर्नल तोवर धीर सोडतो, लिंक रीसेट करतो आणि रेड त्या डिस्कला बाहेर काढते. डिस्क मानत असेल तर स्मार्टसीटीएल या कमांडने खराब जागेवर अडून राहण्याची तिची मर्यादा ७० लावा. एकक सेकंदाचा दहावा भाग आहे, म्हणजे ७ सेकंद. मानत नसेल तर उलट कर्नलची मर्यादा १८० सेकंद करा. बऱ्याच डिस्क ही मर्यादा वीज जाताच विसरतात आणि कर्नलही रीबूटनंतर जुन्यावर येतो, म्हणून दोन्ही गोष्टी बूटच्या वेळी आपोआप लागतील अशी सोय करा.

त्यानंतर लिंकची वीजबचत ‘मॅक्स परफॉर्मन्स’वर ठेवून पाहा, मग रांगेची खोली ३२ ऐवजी १ करून. खोली १ केल्यावर त्रास थांबला तर एनसीक्यूच्या (डिस्कला एकाच वेळी अनेक कामे देण्याच्या पद्धतीच्या) बाजूला संशय जातो, तो डिस्कच्या फर्मवेअरवर किंवा ड्रायव्हरवर. एनव्हीएमईमध्ये, म्हणजे पीसीआयवर थेट बसणाऱ्या डिस्कमध्ये, ‘सीएसटीएस’ या स्थितीच्या आकड्यापुढे सगळे एफ दिसले तर डिस्क पीसीआय बसवरूनच नाहीशी झाली आहे. खोल झोपेच्या अवस्था बंद करून पाहा, पण त्याआधी स्लॉट, हीटसिंक आणि सप्लाय. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये पंखा नसलेल्या डब्यातली एनव्हीएमई तापतेच. याउलट ‘टाइमआउट, कंप्लीशन पोल्ड’ अशी ओळ आली तर डिस्कने काम पूर्ण केले होते, फक्त ते प्रोसेसरला सांगणारा इशारा, म्हणजे इंटरप्ट, हरवला. तिथे डिस्क बदलून काहीही होणार नाही.

यूएसबी डब्यातली डिस्क तुटत असेल तर यूएएस हा नवा, वेगवान यूएसबी ड्रायव्हर त्या एका डब्यापुरता बंद करून जुन्या यूएसबी-स्टोरेजवर चालवा. वेग कमी होईल, तुटणे बहुधा थांबेल. ‘१२० सेकंदांहून अधिक काळ अडकले’ हा संदेश मात्र निदान नाही. कोणीतरी डिस्कची वाट पाहत बसले आहे, एवढेच तो सांगतो.

ड्रायव्हरच दोषी असेल तेव्हा

जुनी रेड कार्डे, खास बनवून घेतलेले बोर्ड, आणि विक्रेत्याने तयार फाइल म्हणून दिलेले ड्रायव्हर हे आमच्याकडे येणारे नेहमीचे पाहुणे. लिनक्समध्ये ब्लॉक (डिस्कच्या) ड्रायव्हरची अनेक रांगांची नवी पद्धत ३.१३ या आवृत्तीत, २०१४ मध्ये आली आणि जुनी पद्धत ५.० मध्ये, २०१९ साली काढून टाकली गेली. जुन्या पद्धतीचा ड्रायव्हर त्यानंतरच्या कर्नलवर कंपाइलच होत नाही. सोर्स असेल तर आम्ही तो नव्या पद्धतीवर आणतो. सोर्स नसेल तर स्पष्ट सांगतो : कार्ड बदला, ते स्वस्त पडेल. दुसऱ्या आवृत्तीसाठी बनवलेली फाइल जबरदस्तीने लोड करून देण्याचे काम आम्ही घेत नाही. कर्नलच्या आतली मांडणी आवृत्तीगणिक बदलते आणि अशी फाइल कधी कोणाची मेमरी लिहील याचा नेम नसतो.

तपास तुमच्या डिस्कवर होत नाही. कार्डाशी थेट न बोलणारा वरचा भाग आम्ही क्यूईएमयूच्या आभासी यंत्रात, एससीएसआय-डीबग आणि नल-ब्लॉक या खोट्या डिस्कवर पाहतो. खरे कार्ड शेवटी लागते. तपासणीचा कर्नल वेगळा बांधतो : मेमरीच्या चुका पकडणारा केएसॅन, लॉकचा क्रम पाहणारा लॉकडेप आणि डीएमएची (कार्डाने थेट मेमरीत लिहिण्या-वाचण्याची) तपासणी, तिन्ही चालू. एकटा केएसॅन एक अष्टमांश मेमरी खातो आणि यंत्र मंदावते. वेळेवर अवलंबून असलेले काही दोष या मंद गतीत लपतात, म्हणून साध्या कर्नलवरही चाचणी घ्यावी लागते.

सर्वांत वाईट दोष टाइमआउट आणि उशिरा आलेले उत्तर यांच्या शर्यतीतला. समजा ७ क्रमांकाच्या टॅगवर (कामाला दिलेल्या क्रमांकावर) वाचायचे एक काम दिले. ३० सेकंद झाले, ड्रायव्हरने ते फसले म्हणून मिटवले आणि टॅग मोकळा केला. कर्नलने तोच टॅग दुसऱ्या कामाला दिला. आता कार्डाला जाग येते आणि ते म्हणते, ‘७ झाले.’ ड्रायव्हर नव्या कामावर पूर्ण झाल्याचा शिक्का मारतो. बफरमध्ये मात्र नवी माहिती आलेलीच नसते. चुकीचा संदेशही कुठे येत नाही, फक्त बिलाच्या फाइलमध्ये भलताच मजकूर निघतो. दुरुस्ती अशी की टाइमआउट झाल्यावर आधी कार्ड रीसेट करायचे, ते आता मेमरीत काही लिहिणार नाही याची खात्री करायची, आणि मगच काम मिटवायचे. ऐकायला सोपे आहे, पण जुन्या ड्रायव्हरांत हा क्रम उलटा सापडतो.

दुसरा नेहमीचा दोष डीएमएचा. कार्डाला ३२ बिटांचेच पत्ते कळतात आणि ड्रायव्हर मात्र ६४ चा दावा करतो. २ जीबी रॅमवर वर्षानुवर्षे सगळे ठीक चालते, रॅम ८ जीबी केली की फाइली सडू लागतात. ‘रॅम वाढवल्यापासून’ हे तुमचे दोन शब्द आमचे कित्येक तास वाचवतात. एआरएम बोर्डांवर कॅशे आणि मेमरी जुळवण्याची पायरी ड्रायव्हरमधून राहिली तर शिळी माहिती वाचली जाते. नेहमीच्या इंटेल पीसीवर तीच चूक झाकली जाते, म्हणून ‘ऑफिसात चालते, बोर्डावर नाही’ अशी तक्रार आली की आम्ही आधी तिथे पाहतो.

दुरुस्तीनंतर फॉल्ट इंजेक्शनने मुद्दाम टाइमआउट आणि चुका घडवतो, कारण ड्रायव्हरचा चुका हाताळणारा भाग एरवी चालतच नाही. मग एफआयओ या चाचणी प्रोग्रॅमने लिहून, चेकसमने परत ताडून पाहतो. संथपणाची तक्रार असेल तर प्रत्येक कामाच्या वेळा नोंदवणारा ब्लॉकट्रेस लावतो. त्यात क्यू म्हणजे काम रांगेत आले, डी म्हणजे ड्रायव्हरला दिले, सी म्हणजे पूर्ण झाले. डी ते सी या अंतरावरून ड्रायव्हर, कार्ड आणि डिस्क मिळून किती वेळ घेतात ते कळते. क्यू ते डी वाढलेले असेल तर काम वरच्या रांगेतच थांबते आहे.

कर्नल अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर गिट बायसेक्ट, म्हणजे बदलांच्या यादीत निम्मे-निम्मे करत शोध, उपयोगी. एका आवृत्तीतून पुढच्या आवृत्तीत हजारोंनी बदल असतात. दर फेरीला निम्मे गाळत गेले की साधारण १४ फेऱ्यांत दोषी बदल हाती लागतो. पण बिघाड दोन दिवसांतून एकदा येत असेल तर याच १४ फेऱ्यांना महिना लागतो. तो लवकर कसा घडवता येतो हे तुम्हाला माहीत असेल तर खर्च तिथेच निम्म्याने उतरतो.

दोष एखाद्या डिस्क मॉडेलच्या फर्मवेअरमध्ये निघाला तर कर्नलच्या लिबएटीए या साटा सांभाळणाऱ्या भागातल्या अपवादांच्या यादीत तिचे मॉडेल आणि फर्मवेअर नंबर टाकणारा पॅच आम्ही मूळ प्रकल्पाकडे पाठवतो. त्यात ग्राहकाचे नाव जात नाही. पॅच स्वीकारला गेला की तो पुढच्या अपडेटमधून तुम्हाला आपोआप मिळतो, दर वेळी आमच्याकडे यावे लागत नाही. बदललेला कर्नल घातलेले यंत्र तुम्ही पुढे विकणार असाल तर जीपीएल या लिनक्सच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार कर्नलचा सोर्स देण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. तो संच आम्ही बांधून देतो.

आमच्याकडे येताना

नुसती डिस्क आणू नका. आमच्या टेबलावर, चांगल्या सप्लायवर ती बहुतेक वेळा व्यवस्थित चालते आणि काहीच सापडत नाही. शक्यतो पूर्ण यंत्र आणा, त्याच वायरी आणि त्याच सप्लायसकट. ते हलवता येत नसेल तर बूटपासूनचा पूर्ण लॉग, कर्नलची आवृत्ती, पीसीआय यादी, स्मार्टचा संपूर्ण अहवाल आणि वायरी कशा गेल्या आहेत त्याचा फोटो पाठवा. त्रास केव्हापासून आणि त्याच्या आसपास काय बदलले, हेही लिहा : रॅम, यूपीएस, शेजारी बसवलेले नवे मशीन, काहीही. डेटाचा बॅकअप आधी घ्या. तुमच्या फाइली आम्हाला लागत नाहीत.

वीज गेल्यानंतरच्या पहिल्या बूटला ‘जर्नल रिकव्हरी’ची ओळ दिसली तर तो बिघाड नाही. पण दर वेळी शेवटच्या काही मिनिटांच्या नोंदी गायब असतील तर डिस्क आपल्या कॅशेतली माहिती खाली न लिहिताच ‘लिहिले’ म्हणते आहे का, ते तपासावे लागते. तोवर राइट कॅशे बंद ठेवा. यंत्र संथ होईल, ते चालवून घ्या. आणि यूपीएसची यूएसबी वायर पीसीला जोडा. बहुतेक ठिकाणी ती खोक्यातच पडून असते, मग बॅटरी संपत आल्याचे पीसीला कळत नाही आणि तो वेळेत नीट बंद होत नाही.

डिस्क उघडून आतल्या प्लेट दुरुस्त करणे आणि डिस्कच्या बंद फर्मवेअरमध्ये बदल करणे ही कामे आम्ही घेत नाही. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर ती पुन्हा चालू करून पाहू नका. तशीच बंद ठेवून डेटा रिकव्हरीवाल्यांकडे न्या.