हॅलिसिन सापडलं कसं आणि त्यात 'फेल' प्रयोगांचा वाटा किती

औषध म्हणून चालू शकतील असे छोटे रेणू किती असतील? केमिस्ट्रीवाले अंदाजाने सांगतात, 1 वर 60 शून्यं. आता हे सगळे बनवून बघायचे म्हटलं तर पृथ्वी सोडा, अख्खा सूर्य वितळवला तरी कच्चा माल पुरायचा नाही. म्हणजे शोधायचं तर आधी बरंचसं न बघताच बाजूला टाकता आलं पाहिजे, आणि एआय कामाला येतो तो नेमका इथे.

मला यातलं हॅलिसिन या जंतू मारणाऱ्या रेणूचं उदाहरण सगळ्यात जास्त आवडतं. 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात रेजिना बार्झिले आणि जिम कॉलिन्स यांच्या टीमने हे काम केलं. बार्झिले बाई मूळच्या कॉम्प्युटरला भाषा शिकवणाऱ्या, आणि कॉलिन्स फिजिक्स शिकून पुढे जीवशास्त्रात घुसलेले, म्हणजे दोघंही तसे पाहुणेच! त्यांनी आधी लॅबमध्ये 2,335 रेणू ई. कोलाय या जंतूवर टाकून बघितले आणि एआय मॉडेलला एवढंच सांगितलं की या रेणूने जंतूची वाढ थांबली, याने नाही थांबली. अँटिबायोटिक कसं दिसतं, कसं काम करतं यातलं काहीच शिकवलं नाही, रेणूची रचना दिली आणि उत्तर दिलं, बस. मग साधारण 6,000 रेणूंची एक लायब्ररी मॉडेलपुढे ठेवली, आणि त्यातून त्याने उचललं ते डायबिटीससाठी पूर्वी तपासलेलं एक रसायन, म्हणजेच हॅलिसिन, जे नेहमीच्या अँटिबायोटिक्ससारखं दिसतच नाही. एखाद्या अनुभवी केमिस्टने बहुतेक ते बघताक्षणी बाजूला सारलं असतं. जंतूच्या पेशीच्या पडद्याच्या आतबाहेर प्रोटॉन्सचा जो फरक असतो आणि ज्यावर जंतूची ऊर्जा चालते, तोच हे रसायन बिघडवतं. बऱ्याच औषधांना दाद न देणाऱ्या असिनेटोबॅक्टर बाऊमनीचा संसर्ग झालेल्या उंदरांमध्येही त्याने काम केलं.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे हं. बातम्यांमध्ये "एआयने औषध शोधलं" असं छापून येतं तेव्हा मला जरा चिडचिडच होते, कारण मॉडेल फक्त नाव सुचवतं. तो रेणू बनवता येतो का हे केमिस्ट बघणार, पोटात गेल्यावर लिव्हर त्याचं काय करतं हे फार्माकॉलॉजीवाला बघणार, आणि शेवटी ट्रायलमध्ये डॉक्टर आणि पेशंट. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहापैकी साधारण नऊ औषधं तिथेच अडकतात. एआयच्या मदतीने बनवलेलं डीएसपी-1181 हे ओसीडीसाठीचं (तेच तेच विचार आणि कृती पाठ न सोडण्याचा मानसिक आजार) औषध 2020 मध्ये मोठा गाजावाजा करून ट्रायलमध्ये गेलं आणि पहिल्या टप्प्यानंतर बंद झालं. उलट फुफ्फुसं कडक होत जाणाऱ्या आयपीएफ या आजारावरच्या रेंटोसर्टिबमध्ये कुठल्या प्रोटीनवर हल्ला करायचा हे पण एआयनेच सुचवलं होतं आणि रेणू पण, आणि 71 पेशंटवरच्या ट्रायलचे आशादायक निकाल 2025 मध्ये आले. अर्थात 71 म्हणजे छोटीच ट्रायल, अजून मोठी व्हायची आहे.

आता परत हॅलिसिनकडे, कारण एक गोष्ट सांगायची राहिली. त्या 2,335 रेणूंपैकी जंतूची वाढ रोखणारे निघाले फक्त 120, बाकीचे सगळे फेल! आणि मॉडेल शिकलं ते या दोन्ही ढिगांतला फरक बघून, नुसते 120 दिले असते तर त्याला काय डोंबल कळलं असतं. गंमत अशी की रिसर्च पेपर छापले जातात ते मुख्यतः यशस्वी प्रयोगांचे, फेल गेलेले राहतात लॅबच्या वहीत नाहीतर कंपनीच्या कपाटात. मॉडेल कितीही भारी करा, त्या वह्या उघडल्याशिवाय त्याला "नाही" म्हणजे काय ते कुठून कळणार?