नोवी सादची ‘म्हातारी’: वोयवोदिना क्लबची पार्श्वभूमी

सर्बियातल्या नोवी साद शहराच्या वोयवोदिना फुटबॉल क्लबाला ‘म्हातारी’ म्हणतात. क्लब शहराचा, पण जन्म खेड्यातला. ६ मार्च १९१४ रोजी नोवी सादमधले काही सर्ब विद्यार्थी आणि शिकलेसवरलेले तरुण डॅन्यूबकाठच्या कोविल्य गावात जमले आणि तिथे त्यांनी गुपचूप एक फुटबॉल क्लब काढला. चोरीछुपे काढायचं कारण उघड होतं. नोवी साद तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात, हंगेरीच्या अमलाखाली होतं. सर्बांनी चार माणसं जमवली तरी पोलिसांचे कान टवकारत. त्यात या मंडळींनी क्लबाला नाव दिलं ‘वोयवोदिना’. १८४८च्या उठावापासून इथले सर्ब ज्या स्वायत्त प्रांताची मागणी करत होते, त्याचंच हे नाव. म्हणजे फुटबॉलचं निमित्त होतं, पण केवळ फुटबॉल नव्हता.

नोवी साद या कामाला योग्य गाव होतं. ‘मातित्सा स्रप्स्का’ ही सर्बांची सर्वात जुनी साहित्य-संस्कृती संस्था १८६४ मध्ये बुडापेस्टहून (तेव्हाच्या पेश्तहून) इथे हलवली गेली होती. शाळा, वर्तमानपत्रं, नाट्यगृह यांच्या जोरावर या शहराला ‘सर्बांचं अथेन्स’ म्हणत. राजकीय सत्ता हातात नसलेला समाज संस्था काढतो. आधी वाचनालय, मग व्यायामशाळा, मग क्लब. हा क्रम आपल्याकडच्या वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको.

नव्या संघाने कोविल्यमध्येच तिथल्या ‘शायकाश’ संघाला ५–० असं हरवलं. पुढचा हंगाम काही उजाडला नाही. जूनअखेरीस साराजेवोत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडची हत्या झाली, महायुद्ध पेटलं आणि खेळाडू पांगले. नोव्हेंबर १९१८ मध्ये नोवी सादलाच भरलेल्या सभेने हा प्रदेश सर्बियाला जोडल्याचं जाहीर केलं, तेव्हा कुठे क्लब उजेडात आला. १९२०च्या दशकात प्रागला शिकायला गेलेल्या नोवी सादच्या मुलांनी तिथल्या स्लाविया प्रागचे रंग आणले. अर्धा लाल, अर्धा पांढरा सदरा, तो आजवर टिकला आहे. त्या काळात काही चेक खेळाडूही इथे येऊन खेळले. क्लबाचं आजचं मैदानही त्याच दशकातलं. २००७ पासून त्याला काराजोर्जेचं, म्हणजे सर्बांच्या पहिल्या उठावाच्या नेत्याचं नाव आहे.

दुसऱ्या महायुद्धात हंगेरीने हा भाग पुन्हा ताब्यात घेतला. जानेवारी १९४२ मध्ये नोवी सादमध्ये सैनिकांनी सर्ब आणि ज्यू रहिवाशांची कत्तल केली. एकट्या शहरात हजाराहून अधिक माणसं मारली गेली, कित्येकांना गोठलेल्या डॅन्यूबमध्ये ढकललं. त्या दिवसांत कुणाच्या डोक्यात फुटबॉल असणार? युद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीत क्लब पुन्हा सुरू झाला तो ‘स्लोगा’ म्हणजे ‘एकजूट’ या नावाने. जुनं नाव परत मिळायला १९५१ साल उजाडलं.

आता खरा प्रश्न: मोठ्या क्लबांपुढे टिकायचं कसं? सर्बियन फुटबॉल म्हटलं की जगाला बेलग्रेडचे रेड स्टार आणि पार्टिझान ठाऊक असतात. हे दोन्ही क्लब १९४५चे, म्हणजे वोयवोदिनापेक्षा ३१ वर्षांनी लहान. पण पार्टिझान हा लष्कराचा क्लब होता, रेड स्टारलाही राजधानीतल्या नव्या सत्तेचं पाठबळ होतं. झाग्रेबचा दिनामो आणि स्प्लिटचा हायदुक धरून यांना ‘मोठी चौकडी’ म्हणत, आणि युगोस्लाव्हियाचं विजेतेपद यांच्यातच फिरत राही. नोवी सादसारख्या प्रांतिक क्लबासमोर एकच मार्ग होता: आपल्या मातीतली पोरं हेरायची, वाढवायची आणि जमेल तितका काळ हातात ठेवायची. वोयवोदिनाच्या जमाखर्चात मला तरी यातला तिसराच भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो.

पन्नाशीच्या दशकात ते जमलं, कारण दोन माणसं लाभली. वुयादिन बोश्कोव शेजारच्या बेगेच गावचा, मधल्या फळीतला हुशार खेळाडू. तोदोर वेसेलिनोविच, सगळ्यांचा ‘तोझा’, हा गोलांचा कारखाना. तोझा युगोस्लाव्ह लीगमध्ये चार वेळा सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत पहिला होता (कधी एकटा, कधी विभागून). १९५६-५७ मध्ये वोयवोदिना लीगमध्ये दुसरी आली आणि मध्य युरोपातल्या मित्रोपा चषकाच्या अंतिम फेरीपर्यंतही पोचली. तिथे बुडापेस्टच्या वाशाशने तिला हरवलं.

या दोघांची भारताशी गाठ पडली होती, हे आपल्याकडे फारसं आठवत नाही. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्या बहुतांशी अनवाणी खेळणाऱ्या संघाचा १०–१ असा धुव्वा उडवला, त्या विजयी संघात बोश्कोव होता. चार वर्षांनी मेलबर्नला चित्र बदललेलं होतं. मूळचा गोव्याचा आणि मुंबईत कॅल्टेक्सकडून खेळणारा नेविल डिसूझा ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करून उपांत्य सामन्यात उतरला होता. समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. उत्तरार्धाच्या सुरुवातीला नेविलने गोल करून भारताला चक्क आघाडी मिळवून दिली. ती काही मिनिटंच टिकली. युगोस्लाव्हियाने बरोबरी साधली, लगेच तोझाने आघाडीचा गोल मारला आणि सामना ४–१ असा गेला. पण स्पर्धा संपल्यावर सर्वाधिक गोलांच्या यादीत तीन नावं बरोबरीने होती, प्रत्येकी चार गोल: बल्गेरियाचा मिलानोव, नोवी सादचा वेसेलिनोविच आणि आपला नेविल डिसूझा. युगोस्लाव्हियाला रौप्यपदक मिळालं, भारत चौथा. भारतीय फुटबॉलचा तो कळस. त्यातला निर्णायक घाव नोवी सादच्या माणसाने घातला, याचं वाईट वाटायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवावं.

१९६१ मध्ये तिशी गाठलेले हे दोघंही इटलीत सांपदोरियाकडे गेले. जेनोवाचं हे नाव या कहाणीत पुन्हा पुन्हा येणार आहे. बोश्कोव १९६४ मध्ये परतला तो क्लबाचा तांत्रिक संचालक होऊन, आणि पुढल्या दोन वर्षांत वोयवोदिनाने इतिहास घडवला. १९६५-६६ चं विजेतेपद तिने पटकावलं. युद्धानंतर मोठ्या चौकडीबाहेरच्या क्लबाने लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ. प्रशिक्षक होता ब्रांको स्टांकोविच, रेड स्टारचा जुना बचावपटू आणि हेलसिंकीतल्या त्याच संघातला बोश्कोवचा सहकारी. गोलात इलिया पान्तेलिच, मधल्या फळीत दोब्रिवोये त्रिविच, पुढे सिल्वेस्टर ताकाच आणि वासा पुशिब्र्क. ताकाच, सेकेरेश ही मागियार (हंगेरियन) वळणाची आडनावं संघाच्या यादीत सहज दिसतात. सर्ब, हंगेरियन, स्लोवाक, रुसिन, रुमानियन असा हा सगळा सरमिसळ प्रांत आहे, आणि सर्बांच्या अस्मितेपोटी जन्मलेला क्लब तोवर प्रांताचा झाला होता.

पुढच्या हंगामातला युरोपियन चषक (युरोपभरच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा) हा वोयवोदिनाच्या इतिहासातला सगळ्यात उंच बिंदू. आधी व्हिएन्नाच्या आद्मिराला बाहेर काढलं. मग ॲटलेटिको माद्रिद. घरी ३–१, तिकडे ०–२, एकूण बरोबरी. परक्या मैदानावरच्या गोलाचा नियम (एकूण बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) तेव्हा या स्पर्धेत आला नव्हता, म्हणून तिसरा सामना. तोही माद्रिदलाच. तिथे ०–२ असे मागे पडूनही हे लोक जादा वेळेत ३–२ने जिंकले. उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली ग्लासगोच्या सेल्टिकशी. १ मार्च १९६७ रोजी नोवी सादला मिलान स्टानिचच्या गोलाने वोयवोदिना १–०ने जिंकली. आठवड्याने ग्लासगोत चामर्सने बरोबरी साधली. तिसरा सामना आता अटळ असं वाटत असतानाच शेवटच्या मिनिटाला कॉर्नरवरून कर्णधार बिली मॅक्निलने हेडर मारला आणि सगळं संपलं. त्याच सेल्टिकने मे महिन्यात लिस्बनमध्ये इंटर मिलानला हरवून चषक जिंकला. त्या अख्ख्या युरोपियन मोहिमेत सेल्टिक एकच सामना हरले, तो नोवी सादमधला. पुढच्याच वर्षी युरो स्पर्धेत उपविजेत्या ठरलेल्या युगोस्लाव्हियाच्या संघात पान्तेलिच आणि त्रिविच होते.

त्यानंतरची वीसेक वर्षं चटकन ओलांडता येतात. १९७७चा मित्रोपा चषक मिळाला, पण तोवर त्या स्पर्धेचं वजन उतरलं होतं. लीगमध्ये कधी वर, कधी खाली, आणि १९८५-८६ मध्ये थेट तळाला जाऊन दुसऱ्या श्रेणीत घसरण. १९८७ मध्ये क्लब परतला आणि १९८९ मध्ये चक्क विजेता झाला! प्रशिक्षक ल्युप्को पेत्रोविच. त्या हंगामापासून लीगमध्ये एक विचित्र नियम आला होता. सामना बरोबरीत सुटला की पेनल्टी मारायच्या, आणि त्यात जिंकेल त्यालाच एक गुण. हरणाऱ्याला काहीच नाही. असल्या लीगमध्ये नशिबाचा हात असतो म्हणणारे असतात, पण हा संघच तसा होता. स्लावीशा योकानोविच नोवी सादचाच. सिनीशा मिहायलोविच डॅन्यूबपल्याडच्या बोरोवोमधून १९८८ मध्ये आला, तेव्हा १९ वर्षांचा होता. डाव्या पायाच्या त्याच्या फ्री किक पुढे सगळ्या युरोपने पाहिल्या. जोडीला बुदिमिर वुयाचिच, दुशान मियिच.

युरोपियन चषकात मात्र पहिल्याच फेरीत बुडापेस्टच्या होन्वेदने बाहेर काढलं. दोन सामन्यांत मिळून २–२, आणि या वेळी परक्या मैदानावरच्या गोलाचा नियम आडवा आला. मग संघ विस्कटला, आणि विस्कटला तो बेलग्रेडच्या दिशेने. वुयाचिच आणि योकानोविच पार्टिझानकडे गेले, मिहायलोविच रेड स्टारकडे. पेत्रोविचही रेड स्टारकडे. २९ मे १९९१ रोजी बारीमध्ये मार्सेयला पेनल्टींवर हरवून रेड स्टार युरोपचा विजेता झाला, तेव्हा बाकावर पेत्रोविच होता आणि पेनल्टी मारणाऱ्यांत मिहायलोविच.

तोच महिना बोश्कोवचाही होता. वोयवोदिना सोडल्यावर तो हॉलंड, स्पेन असा फिरला. १९८० मध्ये रेआल माद्रिदला लीग आणि चषक दोन्ही जिंकून दिले, आणि १९९१ मध्ये सांपदोरियाला इटलीचं विजेतेपद मिळवून दिलं. क्लबाचं ते आजवरचं एकमेव. मोडक्यातोडक्या इटालियनमधली त्याची वाक्यं तिकडे म्हणींसारखी वापरतात. ‘पंचाने शिटी मारली की ती पेनल्टी’ हे त्यातलं सर्वात प्रसिद्ध. १९९२ मध्ये रोमाने मिहायलोविचला घेतलं, तेव्हा तिथे प्रशिक्षक बोश्कोवच होता. पुढे मिहायलोविच सांपदोरियाकडून खेळला, नंतर तिचा प्रशिक्षकही झाला. एप्रिल २०१४ मध्ये बोश्कोव नोवी सादला वारला. वेतेर्निकमधलं क्लबाचं सराव केंद्र त्याच्या नावाने आहे. मिहायलोविच डिसेंबर २०२२ मध्ये, अवघ्या ५३व्या वर्षी गेला.

२०१५च्या उन्हाळ्यात मिहायलोविच सांपदोरिया सोडून मिलानला गेला. काही आठवड्यांतच युरोपा लीगच्या पात्रता फेरीत सांपदोरियाची गाठ वोयवोदिनाशी पडली. सामना तुरीनच्या मैदानावर होता. नोवी सादच्या पोरांनी तो ४–० जिंकला. परतीच्या सामन्यात ०–२ने हरूनही ते पुढे गेले. इटलीतल्या वर्तमानपत्रांना बोश्कोवची आठवण काढल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

अशा रात्री आता क्वचितच येतात. नव्वदच्या दशकात देश फुटला, निर्बंध आले, १९९९ मध्ये नाटोच्या बाँबहल्ल्यात शहरातले डॅन्यूबवरचे तिन्ही पूल पडले आणि लीग अर्ध्यात थांबली. २००६ पासूनच्या सर्बियन सुपरलीगमध्ये विजेतेपद एकदाही बेलग्रेडच्या त्या दोन क्लबांबाहेर गेलेलं नाही. वोयवोदिनाची मजल २००८-०९च्या दुसऱ्या क्रमांकापर्यंत. चषकाच्या अंतिम सामन्यांत हरण्याची तर जणू खोडच जडली. २०११ मध्ये पार्टिझानविरुद्ध पंचगिरीच्या रागाने संघ मैदान सोडून निघून गेला, हा त्यातला सर्वात कडवट प्रसंग. शेवटी २०१४ मध्ये यागोदिनाला हरवून पहिला सर्बियन चषक आला, आणि २०२० मध्ये निश शहरात पार्टिझानला पेनल्टींवर हरवून दुसरा. आता प्रांतातही मक्तेदारी उरलेली नाही. बाच्का तोपोलासारख्या छोट्या गावच्या टीएससी क्लबाने हंगेरीच्या सरकारी पैशाच्या मदतीने नवं मैदान बांधलं आणि २०२२-२३ मध्ये पार्टिझानला मागे टाकून दुसरा क्रमांक पटकावला.

खेळाडू घडवण्याचं काम मात्र थांबलेलं नाही, फक्त त्यांना ठेवून घेणं जमेनासं झालं. युगोस्लाव्हियाच्या काळात वयाच्या २८व्या वर्षाआधी परदेशी जायला मनाई करणारा नियम बरीच वर्षं होता. खेळाडूंवर तो अन्यायच, पण प्रांतिक क्लबांना त्याचाच आधार होता. बेलग्रेडच्या क्लबांनी पळवले नाही, तर चांगला संघ चार-पाच वर्षं एकत्र राही. तो नियम गेला आणि १९९५च्या बॉसमन निकालाने (करार संपलेल्या खेळाडूला युरोपात मोकळेपणी क्लब बदलू देणाऱ्या न्यायालयीन निकालाने) उरलेली दारंही उघडली. बोश्कोव आणि तोझा नोवी साद सोडून गेले तेव्हा तिशीत पोचलेले होते. मिलोश क्रासिच २००४ मध्ये मॉस्कोच्या सीएसकेएकडे गेला १९व्या वर्षी. सेर्गेय मिलिन्कोविच-साविच २०१४ मध्ये बेल्जियमच्या गेंककडे गेला, तोही १९व्याच वर्षी. पुढे सर्बियासाठी सर्वाधिक सामने खेळलेला दुशान तादिच २०१० मध्ये हॉलंडच्या ग्रोनिंगनकडे गेला, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. या यादीत तोच त्यातल्या त्यात उशिरा गेलेला.